बारा व्होल्टची आग

जीपच्या बंपरवर किंवा टपावर बसवलेले जादा दिवे आपण सर्वांनी पाहिले आहेत. रात्री नांगरणी करणारा ट्रॅक्टर, खाणीवर फिरणारी जीप, कच्च्या वाटेने डोंगरात शिरणारी गाडी यांना कंपनीने दिलेले दोन दिवे पुरत नाहीत. मग बाजारातून दोन हॅलोजन दिवे आणले जातात, डॅशबोर्डवर एक स्विच बसतो, पाच-सहा मीटर वायर ओढली जाते आणि तासाभरात काम संपते. दिवे लागतात, मालक खूश होतो.

या कामात धोका काय, असे विचारले तर बहुतेक जण म्हणतात, "काही नाही, बाराच व्होल्ट तर आहेत. शॉकसुद्धा बसत नाही." विद्यार्थीही असेच उत्तर देतात. तरीही मागाहून ओढलेली वायर हे गाडीला आग लागण्याचे एक ओळखीचे कारण आहे. शॉक न देणारी वीज आग कशी लावते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना शालेय पुस्तकातले जवळजवळ सगळे विद्युतशास्त्र उपयोगी पडते. म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

शॉकचा हिशोब वेगळा, आगीचा वेगळा

शॉक किती बसेल हे शरीरातून किती विद्युतधारा जाते यावर ठरते. कोरड्या त्वचेचा रोध काही हजार ओहम असतो. सोयीसाठी तो १०,००० ओहम धरू. ओहमच्या नियमाप्रमाणे १२ व्होल्टला शरीरातून १.२ मिलिअँपिअर धारा जाईल. ती जेमतेम जाणवेल, बहुधा जाणवणारही नाही. घरातल्या २३० व्होल्टला हीच धारा २३ मिलिअँपिअर होते आणि ती जीवघेणी ठरू शकते. तेव्हा "बारा व्होल्टने शॉक बसत नाही" हे विधान साधारणपणे बरोबर आहे.

आगीच्या हिशोबात मात्र शरीराचा रोध कोठेच येत नाही. तेथे प्रश्न असतो वायरमध्ये किती उष्णता निर्माण होते हा. जूलच्या नियमाने ही उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि वायरच्या रोधाच्या प्रमाणात असते. व्होल्टचा उल्लेख या नियमात सरळ येत नाही, पण आडून येतो. कसा ते पाहू.

आपल्या जीपवर ५५ वॉटचे दोन दिवे आहेत, म्हणजे एकूण ११० वॉट. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा. घरातल्या २३० व्होल्टवर ११० वॉटला सुमारे ०.४८ अँपिअर धारा लागते. गाडीतल्या १२ व्होल्टवर त्याच ११० वॉटसाठी सुमारे ९.२ अँपिअर लागते. (इंजिन चालू असताना गाडीतला दाब साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टपर्यंत असतो, हिशोब सोपा राहावा म्हणून येथे १२ धरला आहे.) धारा सुमारे १९ पट झाली. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून त्याच जाडीच्या, त्याच लांबीच्या वायरमध्ये उष्णता सुमारे ३६७ पट!

हा आकडा फळ्यावर मुलांकडून काढून घ्यावा. घरातल्या दिव्याला जी बारीक वायर सहज पुरते तीच गाडीत का चालत नाही, हे या एका गुणाकाराने कळते. कोयनेची वीज दूरवर नेताना दोन लाख व्होल्टांहून अधिक दाबाने का नेतात, याचेही उत्तर येथेच आहे. तेथे दाब वाढवून धारा कमी केलेली असते. गाडीत नेमकी उलटी स्थिती आहे.

डॅशबोर्डचा लांब फेरा

आता ती घाईघाईत ओढलेली वायर पाहू. बॅटरीपासून वायर निघाली, आत डॅशबोर्डवरच्या स्विचकडे गेली, तेथून पुन्हा बाहेर येऊन बंपरवरच्या दिव्यांकडे आली. एकूण लांबी ६ मीटर धरू, आणि वायर एक चौरस मिलिमीटर काटछेदाची. तांब्याच्या अशा एक मीटर वायरचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. सहा मीटरचा झाला सुमारे ०.१ ओहम.

दशांश ओहम म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण धारा ९.२ अँपिअर आहे. वायरमध्येच सुमारे ०.९ व्होल्ट खर्च होतात आणि दिव्यांना १२ ऐवजी साधारण ११.१ व्होल्ट मिळतात. दाब सुमारे ८ टक्के घटला. प्रकाश किती घटेल? येथे बरेच जण ८ टक्के असे उत्तर देतील. परंतु तापलेल्या तंतूचा प्रकाश तापमान थोडे उतरले तरी झपाट्याने कमी होतो. हॅलोजन दिव्याचा प्रकाश साधारणपणे विभवांतराच्या ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे ८ टक्के दाब गेला तर जवळजवळ पाव प्रकाश जातो! जादा प्रकाशासाठी दिवे घेतले आणि त्यातला चौथा हिस्सा वायरने खाल्ला.

खाल्लेल्या विजेची उष्णता होते, सुमारे ८ वॉट. सहा मीटर लांबीवर पसरलेली असल्यामुळे ती वायर फक्त कोमट करील. पण समजा, वायर मध्ये कोठे नुसती पिळून जोडली आहे आणि वर टेप गुंडाळली आहे. पाणी, धूळ आणि गाडीचे हादरे यांनी तो सांधा सैल होतो, तांबे काळे पडते आणि त्या एका सांध्याचाच रोध दशांश ओहम होतो. आता आणखी सुमारे ८ वॉट उष्णता वाटाण्याएवढ्या जागेत निर्माण होते. डाग देण्याची लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते, यावरून कल्पना करावी. साध्या पी.व्ही.सी. आवरणाची वायर साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंत वापरण्यासाठी असते, आणि बॉनेटखालची हवा मुळातच गरम असते. आवरण मऊ पडते, सांधा आणखी सैल होतो, रोध वाढतो, उष्णता वाढते. हे चक्र आपोआप थांबत नाही.

स्विचचीही हीच अडचण आहे. थंड तंतूचा रोध तापलेल्या तंतूच्या सुमारे दहाव्या भागाइतकाच असतो. त्यामुळे स्विच दाबल्याच्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट धारा एकदम धावते. डॅशबोर्डवरचा छोटा स्विच रोज हा तडाखा सोसतो आणि त्याचे संपर्कबिंदू हळूहळू जळतात.

रिले: दुरून दाबलेले बटण

या अडचणीवरचा उपाय तारायंत्राच्या काळातला आहे. अमेरिकेतील जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास दूरवरून आलेल्या क्षीण धारेने एक विद्युतचुंबक चालवला आणि त्या चुंबकाने दुसरा, जोरकस धारेचा परिपथ जोडला. हाच रिले. शाळेतली विद्युतघंटा मुलांनी पाहिली असेल तर रिले समजायला पाच मिनिटे पुरतात. तेथे चुंबक टोल्याला ओढतो, येथे तो संपर्कपट्टीला ओढतो.

गाडीच्या साध्या रिलेला चार पाय असतात आणि त्यांवर क्रमांक छापलेले असतात. ८५ आणि ८६ ही आतल्या वेटोळ्याची दोन टोके. ३० वर बॅटरीकडून येणारी जाड वायर लागते आणि ८७ वरून दिव्यांकडे जाणारी. वेटोळ्याला जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर धारा लागते. त्यामुळे डॅशबोर्डपर्यंतचा लांब फेरा आता या किरकोळ धारेला करायचा आहे. त्यासाठी अर्धा चौरस मिलिमीटरची वायर आणि लहान स्विच पुरतो. स्विच दाबला की बॉनेटखालून "टक्" असा आवाज येतो आणि ९ अँपिअरचा परिपथ तेथल्या तेथे जोडला जातो.

जाड धारेचा रस्ता आता बॅटरी, रिले, दिवे असा आखूड झाला. तो ३ मीटर धरू आणि वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेऊ. रोध होतो सुमारे ०.०२ ओहम, खर्च होतात सुमारे ०.१९ व्होल्ट, आणि प्रकाशातली घट पाव हिश्श्यावरून ५ टक्क्यांच्या आसपास येते. तेच दिवे, तीच बॅटरी, फक्त वायर जाड आणि वाट जवळची.

फ्यूज कोणाचा राखणदार?

"फ्यूज कशासाठी असतो?" असे वर्गात विचारून पाहावे. "दिवा जळू नये म्हणून" हे उत्तर हमखास येते. ते तपासून पाहू.

समजा बॅटरीपासून निघालेली अडीच चौरस मिलिमीटरची वायर दोन मीटरवर पत्र्याच्या एका भोकातून जाते. पत्र्याची कड धारदार आहे. गाडीच्या हादऱ्यांनी काही महिन्यांत वायरचे आवरण कापले जाते आणि तांबे पत्र्याला टेकते. गाडीचा सांगाडा बॅटरीच्या ऋण अग्राला जोडलेला असतो, म्हणजे परिपथ पूर्ण झाला, मध्ये दिवा नाही. दोन मीटर वायरचा रोध ०.०१३६ ओहम, बॅटरीचा स्वतःचा आतला रोध ०.०१ ओहम धरू. बारा भागिले ०.०२३६ म्हणजे सुमारे ५०० अँपिअर! हा नुसता कागदी आकडा नव्हे. इंजिन सुरू करताना स्टार्टर मोटारीला बॅटरी काहीशे अँपिअर रोजच देत असते.

आता वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता काढू. ५०० चा वर्ग गुणिले ०.०१३६ म्हणजे ३४०० वॉट. या दोन मीटर वायरीत तांबे किती? घनफळ ५ घन सेंटिमीटर, वजन साधारण ४४ ग्रॅम. तांब्याची विशिष्ट उष्णता दर ग्रॅमला ०.३८५ जूल. म्हणजे सगळ्या वायरचे तापमान एक अंश वाढवायला १७ जूल पुरतात, आणि आपण तिला दर सेकंदाला ३४०० जूल देत आहोत. पहिल्याच सेकंदात तापमान सुमारे २०० अंशांनी वाढेल. आवरण वितळून पेटते, शेजारच्या वायरींची आवरणे पेटतात, आणि जवळच इंधनाची नळी असते. चालकाला धूर दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

या सगळ्या प्रकरणात दिव्यांतून काहीच धारा गेली नाही. ते शाबूत आहेत. जळाली ती वायर. फ्यूज राखतो तो वायरला. एवढे एकदा ध्यानात आले की फ्यूजविषयीचे तिन्ही नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप निघतात.

पहिला नियम जागेचा. फ्यूज ज्या बिंदूवर असेल त्याच्या पुढची वायर सुरक्षित, मागची उघडी. म्हणून तो बॅटरीच्या धन अग्रापासून एका वितीच्या आत हवा. दिव्याजवळ किंवा डॅशबोर्डखाली लावलेला फ्यूज बॅटरीपासून तेथपर्यंतच्या वायरला काहीच उपयोगाचा नाही.

दुसरा नियम आकाराचा. फ्यूज दिव्यांच्या धारेपेक्षा थोडा मोठा आणि वायरच्या क्षमतेपेक्षा लहान हवा. आपल्या ९.२ अँपिअरसाठी १५ अँपिअरचा निळा पट्टी-फ्यूज योग्य आहे, आणि अडीच चौरस मिलिमीटरची वायर त्याहून अधिक धारा सहन करते. ५०० अँपिअर धावले तर हा फ्यूज सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत वितळेल.

तिसरा नियम वाटेत वायर बारीक होते त्या ठिकाणचा. रिलेच्या वेटोळ्याकडे जाणारी बारीक वायर जाड वायरमधून फुटत असेल तर तिच्या सुरुवातीला तिचा स्वतंत्र, ३ अँपिअरचा फ्यूज हवा. जाड वायरचा फ्यूज बारीक वायरला वाचवू शकत नाही.

फ्यूज वारंवार उडू लागला की त्याजागी ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज बसवणे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे हा उपाय सर्रास केला जातो. दिवे पुन्हा लागतात हे खरे. पण फ्यूज उडत होता तो कोठेतरी वायर पत्र्याला घासते आहे म्हणून. आता निरोप देणाऱ्यालाच गप्प केले.

भोक, सांधा आणि अर्थ

वायर जेथे पत्र्यातून जाते तेथे भोकाला रबरी कडे बसवावे आणि वायरवर लवचीक नळी चढवावी. सायलेन्सरचा पाइप, पंख्याची पाती आणि इंधनाची नळी यांपासून ती दूर ठेवून दर वीतभरावर पट्टीने बांधावी. सांधे पिळून करू नयेत. योग्य मापाचे लग खास पक्कडीने दाबून बसवावेत.

परतीची वाट विसरू नये. दिव्याकडून येणारी काळी वायर रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूने टेकवली तर मध्ये रंगाचा थर राहतो आणि रंग दुर्वाहक आहे. गंज चढल्यावर अवस्था आणखी वाईट होते. जेवढी धारा जाते तेवढीच परत येते, म्हणून परतीची वायरही तितकीच जाड हवी आणि ती स्वच्छ, घासलेल्या धातूला किंवा थेट बॅटरीच्या ऋण अग्राला जोडावी.

काम सुरू करताना बॅटरीची ऋण बाजू आधी सोडवावी आणि काम संपल्यावर ती शेवटी जोडावी. असे का? धन अग्राची चाकी सोडवताना पाना चुकून पत्र्याला टेकला तर काय होईल याचा विचार मुलांना करू द्यावा. ऋण बाजू जोडलेली असेल तर ५०० अँपिअरची वाट पान्यातून तयार होते. ती आधी सोडवलेली असेल तर काहीही होत नाही. हातातली अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळही काढून ठेवावे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून तेथे ठिणगी नको.

नव्या गाड्यांबाबत आणखी एक सूचना. त्यांत दिव्यांच्या धारेवर संगणकाची नजर असते. अशा गाडीची मूळ वायर मध्येच सोलून जोड घेऊ नये. कंपनीने दिलेल्या जोडणीचाच उपयोग करावा. एल.ई.डी. दिव्यांना धारा कमी लागते, त्यामुळे वायर आणि फ्यूज दोन्ही लहान चालतात. पण पत्र्याला टेकलेल्या वायरला पुढे हॅलोजन आहे की एल.ई.डी., हे ठाऊक नसते. बॅटरी तीच आहे, म्हणून फ्यूजही हवाच.

समोरच्याचे डोळे

दिवे सुरक्षित लागले, तरी ते कोठे लावायचे हा प्रश्न उरतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे पुढच्या दिव्यांचा झोत समोरच्याचे डोळे दिपवणार नाही असा खाली वळलेला हवा. कच्च्या वाटेसाठीचे झोत तसे नसतात. म्हणून सार्वजनिक रस्त्यावर ते बंद आणि झाकलेले असले पाहिजेत. घाटातल्या धुक्यातही उंचावरचा प्रखर दिवा उपयोगाचा नाही. पाण्याच्या सूक्ष्म थेंबांवरून प्रकाश विखुरून चालकाच्याच डोळ्यांत येतो.

जुन्या साध्या वायरिंगच्या गाडीत येथे एक छोटी युक्ती करता येते. रिलेच्या वेटोळ्याला वीज अपरच्या वायरवरून द्यावी आणि मध्ये डॅशबोर्डवरचा स्विच ठेवावा. हे दोन स्विच एकसरीत झाले. दोन्ही चालू असतील तरच जादा दिवे लागतात, आणि समोरून वाहन येताच डिपर मारला की ते आपोआप विझतात.

वर्गात करून पाहा

वाहनाच्या बॅटरीवर किंवा मोबाइलच्या लिथियम बॅटरीवर कोणताही प्रयोग करू नये. पुढील दोन प्रयोग साध्या साहित्यात होतात.

१. तंतूचा साधा ६० वॉटचा दिवा होल्डरमधून काढून मल्टिमीटरने त्याचा रोध मोजा. नंतर २३० व्होल्ट आणि ६० वॉट यांवरून तापलेल्या तंतूचा रोध काढा. गणिताने ८८० ओहमच्या आसपास येईल, मल्टिमीटर त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी दाखवील. फरक का पडला, यावर चर्चा करा.

२. चॉकलेटच्या वेष्टनातली, कागद चिकटवलेली चांदी घ्या. तिची बोटभर लांब पट्टी कापा. मध्यभागी ती जेमतेम एक मिलिमीटर रुंद ठेवा. एकसरीत लावलेल्या दीड व्होल्टच्या दोन सेलना तिची टोके लाकडी चिमट्यांनी क्षणभर टेकवा. अरुंद भागातला कागद काळा पडतो, कधी पेटतो, कधी पट्टी तुटते. रुंद भाग तसाच राहतो. हा प्रयोग शिक्षकांनीच, स्टीलच्या ताटात, पाणी जवळ ठेवून करावा. मग विचारा: फ्यूजला चांदी गुंडाळणाऱ्याने तिची रुंदी मोजली होती का?

शेवटी एक गणित. मोठ्या ट्रक-बसगाड्यांत बहुधा २४ व्होल्टची यंत्रणा असते. तेच ११० वॉट, तीच वायर धरून धारा, वायरमध्ये खर्च होणारे व्होल्ट आणि वायरमधली उष्णता किती पट होईल ते मुलांना काढू द्या. ते झाले की पुढच्या सुटीत गावातल्या एखाद्या ट्रॅक्टरचे किंवा जीपचे बॉनेट मालकाच्या परवानगीने उघडायला सांगा. कशालाही हात न लावता दोनच गोष्टी वहीत नोंदवायच्या: जादा दिव्यांची वायर बॅटरीपासून निघाल्यावर किती अंतरावर फ्यूज आहे, आणि ती पत्र्यातून कोठे जाते. फ्यूज सापडला नाही, तर ते त्या मालकाला त्याच दिवशी सांगावे.